नाणेघाटाची शिदोरी

राजेळी केळे सोलण्याची एक वेळ असते. साल पिवळी होऊन तिच्यावर तपकिरी ठिपके उमटले की ते सोलावे. आधी सोलले तर सुकल्यावर तुरट लागते आणि उशीर झाला तर उन्हात फुटते. सोललेली केळी बांबूच्या कामट्यांच्या तट्टीवर ओळीने मांडायची, दोन केळ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवायचे, ऊन कलले की झाकायची आणि सकाळी दव सुकल्यावर उघडून एकेक उलटायची. असे काही दिवस नेमाने केले म्हणजे मधाच्या रंगाची, चिवट, गोड सुकेळी तयार होतात. केळीच्याच वाळक्या पानात घट्ट बांधली तर ती महिनोन्‌महिने टिकतात. हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण वसईत जन्मलेल्या मुलांनाही आता सुकेळी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते. आणि शिवाय, मला ज्या प्रसंगाविषयी लिहायचे आहे तो त्या तट्टीच्या आसपासच घडला.

आमचे घर निर्मळच्या वाटेवर, वाडीच्या मध्यभागी होते. पुढे ओटा, मागे विहीर, चहूबाजूंनी केळी, आणि कुंपणालगत मोगऱ्याचे ताटवे. दिवस उजाडायच्या आधी विहिरीवरचे इंजिन धडधडू लागे आणि त्या आवाजात आम्ही जागे होत असू. देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा दिवसातून तीनदा वाजे. ती वाजली की बाबा पाटाच्या पाण्यात उभे असले तरी डोक्यावरचे फडके काढून प्रार्थना पुटपुटत. स्वयंपाकघरात तांदळाच्या रोट्यांचा वास, वाटणाचा पाटा घासल्याचा आवाज, आणि आईचा आवाज. आईचा आवाज चढलेला मी क्वचितच ऐकला. तिला त्याची गरज पडत नसे.

घरात बाबांची धाकटी बहीणही राहत असे. तिचे नाव कार्मेल. वय चाळिशीच्या पलीकडे, अंग काटक, हात मातीने कायमचे काळवंडलेले. तिचे लग्न का झाले नाही याची प्रत्येकजण वेगवेगळी कारणे सांगे. माझ्या मते खरे कारण एकच होते: वाडीत हात कमी पडत होते. पहाटे फुले खुडणे, दुपारी केळीचे पाट वळवणे, संध्याकाळी भाजीच्या जुड्या बांधणे, ही सगळी कामे आत्याची. सुकेळीही तिचीच. तट्टीपाशी बसून ती गांधीलमाशांना हाकलत असे आणि त्यांच्याशी बोलत असे: "तुमचा वाटा काढून ठेवलाय ना तिकडे? मग इकडे काय?"

इथे एक खुलासा करते. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलत असू. ती बोली मी कागदावर उतरवत नाही. आमच्यासारखी बोलणारी माणसे छापील मजकुरात बहुधा हसण्यासाठीच आणली जातात, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. म्हणून या पानांत आमची माणसे साध्या मराठीत बोलतील.

त्या वर्षी मी अध्यापक विद्यालयात शिकत होते. तिथल्या ग्रंथालयात इतिहासाचे एक जाड पुस्तक होते आणि त्यात नाणेघाटाचे छायाचित्र होते. कल्याणच्या बाजूने सह्याद्री चढून जुन्नरकडे जाणारी ही फार प्राचीन वाट. घाटमाथ्यावर डोंगरात खोदलेले एक लेणे आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लेख. तो लेख सातवाहनांच्या एका राणीचा आहे, असे पुस्तकात म्हटले होते. कोणते यज्ञ केले, किती गाई दिल्या, किती घोडे, किती गावे दिली, हे सगळे तिने दगडावर कोरवून घेतले होते. आमच्या घरातल्या एकाही बाईचे नाव, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी सोडल्या, तर कुठेही लिहिलेले नव्हते. वाडी बाबांच्या नावावर, रेशनकार्ड बाबांच्या नावावर. दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईने आपला हिशोब डोंगराला सांगून ठेवला, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देईना.

पुस्तकात ब्राह्मी अक्षरांचा तक्ता होता. तो पाहून मी घरी ओट्यावर खडूने अक्षरे गिरवू लागले. ब्राह्मीतला 'र' म्हणजे नुसती उभी रेघ, 'ग' डोंगराच्या शिखरासारखा, आणि 'क' म्हणजे आडवी रेघ छेदणारी उभी रेघ, अधिकचे चिन्ह असते तशी. केळी उलटून आत्या ओट्यावर आली आणि त्या अक्षरापाशी थांबली.

"हा क्रूस इथे खाली कोणी काढला? पाय पडेल त्याच्यावर."

"क्रूस नाही आत्या, हा 'क' आहे. जुन्या लिपीतला. तुझं नाव ह्यानेच सुरू होतं."

ती वाकून कितीतरी वेळ पाहत राहिली. आत्या दुसरीपर्यंत शिकली होती. सही करता येत होती, तीही सावकाश. "म्हणजे त्या डोंगरावर," ती म्हणाली, "हे असं दगडात कोरलेलं आहे?"

"भिंतभर."

"मग मला बघायचंय."

आत्याने कुठलीही गोष्ट मागितलेली मी त्याआधी ऐकली नव्हती. पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर आमच्या वाडीतून रोज दिसायचा, पण ती त्या डोंगराच्या पायथ्यापर्यंतही गेली नव्हती. तिचे मागणे मी मनावर घेतले आणि सहलीची आखणी सुरू केली.

कोणत्याही कामाची आखणी करताना प्रथम अडचणी मांडाव्यात आणि मग एकेकीचा निकाल लावावा, असे आम्हाला अध्यापनाच्या तासाला शिकवले होते. मी तसेच केले. सोबत पुरुष हवा, ही पहिली अडचण. ती माझा मोठा भाऊ पास्कल याने सोडवली. तो एका कारखान्यात कामाला होता, चालायला दणकट होता आणि त्याला कुठेही जायचे म्हटले की आनंदच होई. मुक्काम कुठे करायचा, ही दुसरी अडचण. माझ्या वर्गातली शालिनी मुरबाडकडची होती. तिचे वडील घाटाच्या पायथ्याच्या गावात शिक्षक होते. त्यांनी आमची सोय घरी करण्याचे कळवले. कमी खर्चात व्हायचे म्हणून बाहेर खाणे नको. तिसरी अडचण शिदोरीची. ती आत्याने क्षणात सोडवली. "सुकेळी नेऊ. चार खाल्ली की डोंगर चढता येतो आणि वर पाणी प्यायलं की पोट भरतं."

बाबांना विचारायचे काम आत्याने अंगावर घेतले. ते जेवत असताना तिने बोंबलाचा रस्सा वाढता वाढता विषय काढला.

"डोंगरावर? तू?" बाबा हसले. "अगं, देवळाच्या गच्चीवर फुलांच्या माळा बांधायला चढवलं तर डोळे मिटून घेतेस."

"तेव्हा खाली तू उभा होतास ना ओरडायला. म्हणून मिटले."

"आणि फुलं कोण खुडणार?"

"एक दिवस तुझा मोगरा तू खुड. काटे नसतात त्याला."

बाबा पुन्हा हसले आणि म्हणाले, "बरं. जा." आईने काही म्हटले नाही. त्यावेळी मला ती संमती वाटली.

त्या आठवड्यापासून घराचे वातावरण बदलले. आत्याने वसईच्या बाजारातून कॅनव्हासचे बूट आणले. आयुष्यात प्रथमच तिने बूट घातले होते. ते घालून ती वाडीत चालण्याचा सराव करी आणि पाटाच्या कडेवरून बदकासारखी डुलत जाई. मी ओट्यावर खडूने नकाशा काढून ठेवला होता: वसईहून दादर, तिथे गाडी बदलून कल्याण, कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी, कुठे उतरायचे, पायवाट कुठे सुरू होते, वाटेत पाणी कुठे मिळते. ही सगळी माहिती शालिनीच्या वडिलांनी दिली होती. येणारे जाणारे तो नकाशा ओलांडून घरात येत. पाचूबंदरची मासळीवाली मंगूबाई टोपली उतरवून त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"हे काय गो मांडलंय?"

"डोंगरावर चाललो आम्ही," आत्या म्हणाली. "जुनं लेणं बघायला."

"तिकडं हाय काय बगायला? दगडंच ना? आमच्या किल्ल्यात कमी हायत काय? मी तं रोज तितं बसून मासं सुकवते, कोनी बगायला येत नाय." मग बुटांकडे बघून तिने कपाळाला हात लावला. "आनि वरती पानी हाय का? नायतर बुटातून पिशील."

आत्या इतकी हसली की तिच्या हातातला बांगडा मांजराने नेला.

आता शेवटची अडचण सांगते. आजच्या वाचकाला ती अडचण वाटणारच नाही. शनिवारी दुपारी निघायचे, रविवारी घाट चढायचा आणि सोमवारी सुटी होती म्हणून त्या दिवशी परतायचे, असा बेत होता. म्हणजे मध्ये रविवार येत होता आणि रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, चुकत होती. शनिवारी संध्याकाळची मिस्सा आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, तेव्हा सुरू झाली नव्हती, आणि घाटाच्या पायथ्याशी चर्च असण्याचा प्रश्नच नव्हता. रविवारची मिस्सा विनाकारण चुकवणे हे आमच्याकडे पाप. योग्य कारण असेल तर धर्मगुरूंकडून आधी सूट मागता येते. पुष्कळ लोक आधी जात आणि नंतर कबुली देत. मला तो मार्ग अव्यवस्थित वाटला. आत्याला तर तो पटलाच नाही. "देवाला सांगून गेलं की पाय हलके पडतात," असे तिचे म्हणणे. म्हणून एका संध्याकाळी आम्ही दोघी डोक्यावरून पदर घेऊन फादरांच्या व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिलो.

फादर प्रसन्न स्वभावाचे होते. त्यांनी आम्हाला बसवले.

"सूट मागायला आलात? आधी?" ते म्हणाले. "शाब्बास. हल्ली असं कोणी विचारत नाही. कुठे निघालात?"

मी सांगितले. त्यांनी कुतूहलाने पुढचे विचारले, आणि विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्यावे हे मला लागलेले वळण. मी वाट सांगितली, एसटी सांगितली, मुक्काम सांगितला, लेण्याचे महत्त्वही सांगितले. फादर मधून मधून मान डोलावत होते. आत्याने एका पुडीत बांधलेली चार सुकेळी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"फार उत्तम आखलंय," फादर म्हणाले. "इतकं व्यवस्थित काम आमच्या युवकांकडूनही होत नाही. सूट द्यायचं बघतो मी. रविवारी कळवतो."

परतताना आत्या म्हणाली, "बघ, विचारलं तर माणसं किती खूश होतात."

रविवारी चर्चमध्ये बायका डाव्या बाजूला आणि पुरुष उजव्या बाजूला बसत. मी आई आणि आत्या यांच्या मध्ये बसले होते. मिस्सा संपल्यावर सूचना वाचल्या जात: कोणाचे लग्न ठरले, कोण आजारी आहे, कोणत्या वाडीने सफाईची पाळी घ्यायची. त्या सूचनांत फादरांनी वाचले, की येत्या शनिवारी आपल्या युवकांची अभ्याससहल नाणेघाट येथे जात आहे. सहभागी युवकांना रविवारच्या मिस्सेची सूट देण्यात येत आहे. सहलीचे नेतृत्व पास्कल करील. इच्छुक मुलांनी त्याच्याकडे नावे द्यावीत. मुक्कामाची सोय झालेली आहे. आपल्याच गावातील एका अभ्यासू मुलीने आखणीला मदत केली, तिचे आपण कौतुक करू या.

मागच्या बाकावरून कोणीतरी माझ्या पाठीवर कौतुकाने थोपटले. मी आईकडे पाहिले. तिने गुडघे टेकण्यासाठी पदर सारखा केला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. आत्या समोर बघत होती. तिला अजून अर्थ लागला नव्हता. "म्हणजे आपल्याबरोबर आणखी पोरं येणार?" तिने हळूच विचारले. 

बाहेर आल्यावर, वाटेतच, मी आईला गाठले.

"तुला माहीत होतं?"

"गुरुवारी फादर वाडीवर आले होते. तू कॉलेजात होतीस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर परवा बसून केळी सोलली असतीस का तू?"

या वाक्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. आई दुष्ट नव्हती. पोरे डोंगरावर जाणार, त्यांना शिदोरी लागणार, केळी पिकली होती, आणि ती वेळेवर सोलली गेली पाहिजेत. तिच्या डोक्यात हा क्रम चोख होता. माझी शिस्त माझ्यात कुठून आली, असे पुढे मी शिक्षिका झाल्यावर मला शाळेत लोक विचारत. मी कधी सांगितले नाही.

घरी बाबांनी बाजू मांडली. "फादर म्हणाले, डोंगराळ मुलखात बायकांनी रात्र काढणं बरं दिसत नाही. उद्या काही झालं तर?"

"आत्या होती माझ्याबरोबर."

"आणि आत्याच्या बरोबर कोण होतं?"

"पास्कल होता. आता नेतृत्व करतोय तोच."

"तेव्हा एकटा होता. आता दहा जण आहेत."

"मग दहा जण असताना आम्हाला काय होणार आहे?"

 बाबा म्हणाले, "फादरांनी देवळात वाचलंय." आमच्या घरात वाद इथे संपत असे.

पास्कल ओट्याच्या पायरीवर बसून नखे कुरतडत होता. "मी मागायला गेलो नव्हतो गं. त्यांनीच माझं नाव घेतलं."

"मग जाऊन नको म्हण."

"सगळ्यांसमोर वाचलं त्यांनी. आता नको म्हटलं तर पोरं काय म्हणतील? बहिणीला घाबरला म्हणतील."

"आणि गेलास तर मी काय म्हणेन?"

त्याने वर पाहिले. तो प्रश्न त्याला खरोखरच नवा होता. "तू? तू काय, समजून घेशील," तो म्हणाला.

मी आत्याला शोधत मागे गेले. ती तट्टीपाशी बसून केळी उलटत होती. एव्हाना तिला सगळे कळले होते. मी म्हणाले, "आत्या, ह्यातलं एक केळंसुद्धा त्यांना द्यायचं नाही."

"का गो? केळ्यांनी काय केलं?"

"तुला राग येत नाही?"

 ती एक सुकेळे उन्हाकडे धरून पाहत म्हणाली, "मी जाणार नाही म्हणून आता केळी कुजवू? अजून दोन उन्हं लागतील ह्यांना." आणि तिने ते पुन्हा तट्टीवर, बोटभर अंतर राखून, ठेवले.  

शुक्रवारी आत्याने आणि आईने सुकेळी पानांत बांधली. चटणी कुटली, रोट्या भाजल्या. मी काही केले नाही, असे लिहायला मला आवडले असते. पण पास्कल संध्याकाळी ओट्यावर आला, पुसट झालेल्या नकाशाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "एसटीतून कुठे उतरायचं ते परत एकदा सांग." मी खडू घेतला आणि नकाशा पुन्हा नीट काढून दिला. चुकीची वाट सांगावी असे मनात आले नाही असे नाही; परंतु चुकीचे शिकवणे मला तेव्हाही जमत नव्हते. लेण्यात शिरल्यावर कोणत्या भिंतीवरचा लेख आधी पाहावा, तेही मी त्याला सांगितले. तो मान डोलावत होता. फादर डोलावत होते तशीच.

ते दोन दिवस घर फार शांत होते. आत्याने नेहमीप्रमाणे फुले खुडली. रविवारी आम्ही मिस्सेला गेलो. युवकांचे बाक रिकामे होते आणि फादरांनी प्रवचनात त्यांच्या सुखरूपतेसाठी प्रार्थना करायला सांगितली. आम्ही केली.

सोमवारी संध्याकाळी पास्कल परतला. उन्हाने रापलेला, आनंदाने फुललेला. जेवताना त्याने सगळे सांगितले. वाट किती उभी आहे, कोणाचा पाय कसा मुरगळला, घाटमाथ्यावरून कोकण कसे दिसते, लेण्याच्या तोंडाशी तीन दगडांची चूल मांडून भात कसा शिजवला, सुकेळ्यांवर पोरे कशी तुटून पडली. बाबा हसत होते. आई त्याच्या ताटात पुन्हा पुन्हा वाढत होती. आत्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती, शेवटी तिने विचारले, "आणि ते अक्षर? क्रूसासारखं? दिसलं का रे?"

"अक्षरं होती खूप, आत्या. भिंतभर. आम्हाला काय वाचता येतात? शिवाय भात करपत होता." मग त्याला काहीतरी आठवले आणि त्याचा चेहरा उजळला. "पण तुमचं काम केलंय मी. तुमच्या दोघींची नावं कोरली तिथे. मोठ्या खिळ्याने. दगड कसला कठीण आहे! पोरं म्हणाली चल, चल; मी म्हटलं थांबा, माझ्या बहिणीने आखलंय सगळं."

माझ्या हातात रश्शाचा डाव होता. "कुठे कोरलीस?" मी विचारले.

"त्याच भिंतीवर. त्या अक्षरांच्या खाली थोडी मोकळी जागा होती."

मी बोलायला तोंड उघडले. पण त्याआधी आत्या पुढे आली होती. "माझं पण?" ती म्हणाली. "पूर्ण नाव?"

"कार्मेल. मधला 'मे' जरा वाकडा आलाय."

"वाकडा असू दे," आत्या म्हणाली. तिने ओले हात पदराला पुसले आणि पास्कलच्या डोक्यावरून फिरवले. त्या आठवड्यात प्रथमच ती हसली होती. तिच्या चेहऱ्यापुढे मी काय बोलणार होते? पास्कलने मनापासून आम्हाला भेट आणली होती. आत्याने ती मनापासून घेतली होती. जो लेख पाहण्यासाठी मी झुरले, त्याच्याच अंगावर माझे नाव खिळ्याने ओरखडलेले होते, आणि त्या घरात ही गोष्ट वाईट वाटणारी मी एकटीच होते. मी त्याला रस्सा वाढला.

काही दिवसांनी शालिनी वर्गात भेटली. "तू का नाही आलीस?" तिने विचारले. "आईने तुम्हा दोघींसाठी वेगळी खोली सारवून ठेवली होती. शनिवारी संध्याकाळी, तुझ्या आत्याला प्रवासानंतर पाय शेकायला हवेत म्हणून, पाणी तापवून वाट बघत बसली होती." आमच्या न येण्याचे त्यांना कोणी कळवलेच नव्हते. ते कळवण्याची आखणी मी केली नव्हती.

आत्याने ते कॅनव्हासचे बूट वाडीत पाणी देताना घालून संपवले. पुढे कितीतरी वर्षे ती पाहुण्यांना सांगत असे, "नाणेघाटात माझं नाव आहे दगडावर." मंगूबाईलाही तिने सांगितले होते. मंगूबाई म्हणाली, "नाव गेलं वरती, आनि बाय हितं बसून कोलंबी सोलते! बरं हाय." आत्या त्यावरही हसली. ती गेली तेव्हा तिच्या थडग्यावर बाबांच्या कुटुंबाचे नाव घातले गेले. तिचे स्वतःचे नाव घालायला शिळेवर जागा उरली नव्हती. मी आग्रह धरला, तेव्हा पुढच्या वेळी शिळा बदलू असे ठरले.

मी शिक्षिका झाले, पुढे मुख्याध्यापिका झाले. सातवाहनांचा धडा दरवर्षी शिकवला. बाकावर करकटकाने नाव कोरणाऱ्या मुलांच्या पालकांना मी शाळेत बोलावून घेत असे. माझ्या कडकपणाची गावात चेष्टा होई. शाळेची सहल नाणेघाटाला न्यावी असे एकदा सहकाऱ्यांनी सुचवले, तेव्हा मी लगेच मंजुरी दिली, जितकी मुले तितक्याच मुली जातील अशी अट घातली, आणि स्वतः गेले नाही. परतल्यावर आठवीतली एक मुलगी तावातावाने म्हणाली, "बाई, इतका सुंदर लेख आहे आणि मूर्ख लोकांनी त्याच्यावर आपली नावं कोरून ठेवली आहेत." तिने बरोबर तेच पाहिले होते जे मी तिला पाहायला शिकवले होते. कोणाची नावे, हे मी विचारले नाही.

पास्कल आता वसईतल्याच एव्हरशाईन सिटीत मुलाकडे राहतो. मागच्या महिन्यात तो आला होता. मुलाने नवी गाडी घेतली आहे. "जुन्नरच्या बाजूने आता घाटमाथ्यापर्यंत रस्ता झालाय," तो म्हणाला. "चढायला नको, काही नको. चल, तुला नेतो. तुझं नाव दाखवतो." म्हातारपणी त्याचे डोळे अगदी तेव्हासारखे प्रेमळ झाले आहेत. मी म्हणाले, माझे गुडघे दुखतात. त्याने लगेच समजूतदारपणे मान हलवली आणि कुठलेसे तेल सुचवले. माझे गुडघे दुखत नाहीत. रोज सकाळी मी गावच्या तळ्याला दोन फेऱ्या घालते आणि बाजारही पायी करते, हे त्याला माहीत आहे. पण एखादी बाई नाही म्हणाली, तर का, असे विचारायचे असते, हे आमच्या घरात कोणालाच कधी सुचले नाही.